घरी न्या, सेवा करा

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचं नाव जिल्ह्याबाहेर जातं ते बहुतेक वेळा मरणाच्या बातमीतून. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ते दिल्लीपर्यंत गेलं. 2018 साली पांढरकवडा वनविभागातल्या माणसं मारल्याचा ठपका असलेल्या अवनी वाघिणीमुळे ते सर्वोच्च न्यायालयात आणि परदेशी वाहिन्यांवरही पोचलं. असं मरण आलं की पंचनामा होतो, तलाठी येतो, नोंद होते, मदतीचा अर्ज भरला जातो. पण पाटणबोरी, रुंझा, करंजी, मोहदा या भागातल्या घरांमध्ये महिनोन्‌महिने बाजेवर पडून हळूहळू संपत जाणाऱ्या माणसाची नोंद फारशी कुठे सापडत नाही. आणि त्याच्या उशाशी रात्र काढणारं जे दुसरं माणूस असतं, ते तर कुणाच्या खिजगणतीतही नसतं.

हे पुस्तक त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

माणसं कशाने अंथरुणाला खिळतात, हे इथल्या लोकांना सांगायला नको. आधी डोळ्यांसमोर येतो तो लकवा. बरं वाटतं म्हणून रक्तदाबाची गोळी मध्येच सोडलेली असते आणि एक दिवस वावरातच अंगाची एक बाजू जाते. दुसरा तोंडाचा कॅन्सर. खर्रा म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासून घासून केलेलं मिश्रण. पानठेल्यावर ते पुडीत मिळतं आणि दिवसभर गालात धरलं जातं. पुढे तोंड पूर्ण उघडेनासं होतं, तिखट सोसेनासं होतं, गालात आतून पांढरा चट्टा येतो. दुखत नाही तोवर कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही आणि बरेच जण पोचतात तेव्हा गाठ गालाबाहेर आलेली असते. याशिवाय किडनी निकामी झालेले आहेत, झाडावरून किंवा विहिरीत पडून कंबरेखालचं अंग गेलेले आहेत, घरच्यांनाही ओळखेनाशी झालेली म्हातारी माणसं आहेत. सिकलसेलची तरुण पोरं आहेत. त्यांची कळ हाडांत उठते आणि बघणाऱ्याचाही जीव कासावीस होतो. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण मध्यरात्री कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, कळ उठली तर पहिला अर्धा तास काय करायचं, हे आईला कुणीतरी आधी शिकवून ठेवायला हवं. आणि ते तिच्या कोलामी भाषेत शिकवायला हवं, कारण दुखणं कसं आहे हे माणूस आपल्या भाषेतच नीट सांगू शकतो.

या सगळ्यांची वाट जवळपास सारखीच. आधी गावातला डॉक्टर, मग पांढरकवड्याचं उपजिल्हा रुग्णालय, मग सत्तर किलोमीटरच्या घरात असलेलं यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मग दीडशे किलोमीटरवरचं नागपूर. कुणी सेवाग्रामला जातो, कुणी पैनगंगा ओलांडून आदिलाबादला. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी विकलं जातं: आधी बैलजोडी, मग बायकोच्या अंगावरचं, मग एखादा एकर. शेवटी एक दिवस डॉक्टर फाइल मिटतात आणि नातेवाइकाला बाजूला घेऊन म्हणतात, "आता घरी न्या, सेवा करा."

हे सांगणारा डॉक्टर बहुतेक वेळा खरं आणि प्रामाणिकपणेच सांगत असतो. माझं म्हणणं इतकंच आहे की तिथून पुढे सेवा करायची कशी, हे त्या माणसाला कुणीच सांगत नाही. नाकात नळी आहे, लघवीची पिशवी लावलेली आहे, पाठीला जखम सुरू झाली आहे. दवाखान्यात जे काम तीन पाळ्यांच्या शिकलेल्या सिस्टर करत होत्या, ते उद्या सकाळपासून एका बाईवर येऊन पडतं. तिला ना कुणी हातमोजे दिलेले असतात, ना एखादा फोन नंबर.

पॅलिएटिव्ह केअर या नावाने जगभर ओळखलं जाणारं काम नेमकं इथे सुरू व्हायला हवं. खरं तर त्याच्याही आधी, उपचार चालू असतानाच. आजार बरा होवो न होवो, दुखणं, धाप, उलटी, जखम, झोप न येणं, मनातली भीती आणि घरच्यांची ओढाताण यांवर इलाज करायचाच, असा त्याचा साधा आग्रह. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, तिथून या वैद्यकशाखेला आजचं रूप आलं. सॉन्डर्स स्वतः आधी नर्स होत्या, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. म्हणूनच शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचं, घराचं आणि श्रद्धेचं दुखणंही त्यांनी एकाच पंक्तीला बसवलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच सुरू झालं: 1986 मध्ये, वांद्र्याला, डॉ. एल. जे. डिसोझा यांचं शांती आवेदना. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचं केंद्र आहे. टाटा रुग्णालयाची पथकं मुंबईत घरोघर जाऊन रुग्ण पाहतात. असं असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार जगात ज्यांना या सेवेची गरज आहे त्यांतल्या जेमतेम 14 टक्के लोकांपर्यंत ती पोचते. वारजे आणि वांद्रे केळापूरपासून किती लांब आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आजाऱ्याच्या सेवेची परंपरा मात्र विदर्भाला परकी नाही. सेवाग्रामला गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केलं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये अमरावतीला कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं. बाबा आमट्यांचं आनंदवन तर वरोऱ्याला, आपल्या शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यात. या माणसांपुढे हात आपोआप जोडले जातात. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. घरादाराने टाकलेल्यांना या संस्थांनी जवळ केलं, म्हणून तिथल्या सेवेवर पुस्तकं निघाली, पुरस्कार मिळाले, चित्रपट आले. ज्या घराने आपला माणूस टाकला नाही, पाच-पाच वर्षं बाजेवर सांभाळला, त्या घराची कहाणी कुणाला सांगण्यासारखी वाटली नाही. ते तर कर्तव्यच, असं म्हणून आपण मोकळे झालो.

या बाबतीत मला गाडगेबाबा सगळ्यांत दूरदृष्टीचे वाटतात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या या माणसाने मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा बांधली, ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. खाटेवरच्या माणसाला दवाखाना सांभाळतो, पण त्याच्यासोबत आलेलं माणूस फुटपाथवर उपाशी झोपतं, हे त्यांना दिसलं. पुढे दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहू लागले. आजाऱ्याजवळ बसणाऱ्यालाही छप्पर, जेवण आणि विसावा लागतो, ही गोष्ट एका कीर्तनकाराला कळली. आपल्या आरोग्यव्यवस्थेला ती अजून पुरती कळायची आहे.

हे बसणारं माणूस बहुतेक घरांत बाईच असतं: बायको, सून, आई, कधी शाळा सुटलेली मुलगी. आईचं सगळं करणारे मुलगे आणि बायकोची वेणी घालून देणारे नवरेही मी पाहिले आहेत, त्यांचं मोल तसूभरही कमी नाही. पण रोजच्या रगाड्यात हे काम बाईच्या पदरात पडतं. आणि केळापुरात ती बाई शेतकरी किंवा मजूर असते, हे शहरात लिहिलेल्या पुस्तकांना आठवत नाही. दसऱ्यानंतर कापूस फुटतो आणि वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर, म्हणजे जितका वेळ वावरात तितके पैसे. सकाळी उठून ती नवऱ्याचं सगळं आवरते, कूस बदलते, हाताला लागेल असं पाणी ठेवते, शेजारच्या म्हातारीला लक्ष ठेवायला सांगते आणि निघते. दुपारी धावत येऊन पुन्हा कूस बदलते. बाकीच्या बायांपेक्षा तिचा कापूस रोज कमी भरतो. पाठीला जखम होऊ द्यायची नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी, असं सगळी पुस्तकं सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण दोन तासांचा हा नियम आणि वेचणीची मजुरी यांचा मेळ कसा घालायचा, हेही सांगावं लागतं. म्हणून शेजाऱ्यांच्या पाळ्या कशा लावाव्यात, यावर या पुस्तकात अख्खं प्रकरण आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

महामार्गापासून आत असलेल्या एका गावात मी पाहिलेलं एक घर सांगतो. घरच्या माणसाला गालाचा कॅन्सर, जखम बाहेर फुटलेली. तिला इतका वास येत होता की त्याची बाज घरातून काढून मागच्या पडवीत नेली होती. नातवंडं तिकडे फिरकत नव्हती. तो स्वतः भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. बायको रोज जखम पुसायची आणि मग जेवू शकायची नाही, पण हे ती कुणाला बोलत नव्हती. ओळखीच्या एका नर्सबाईंनी डॉक्टरांना विचारून तिला एक रीत दाखवली. जुनं सुती लुगडं फाडून, उकळून, उन्हात वाळवून घड्या करायच्या. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून जखम धुवायची, ओढून काढायची नाही. घडी चिकटली तर ती भिजवून सुटू द्यायची. मग मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दोन चमच्यांमध्ये अगदी पिठासारख्या चुरून ती पूड जखमेवर भुरभुरायची आणि वर घडी ठेवायची. गोळ्या स्वस्त, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या. थोड्याच दिवसांत वास खूपसा ओसरला. बाज पुन्हा ओसरीत आली. नातू आजोबाजवळ बसून गृहपाठ करू लागला. तो माणूस पुढे गेलाच, कॅन्सर काही थांबला नाही. पण तो गेला ते घरच्यांच्या घोळक्यात. एवढ्या एका गोष्टीसाठी लाखांची यंत्रं लागत नाहीत. शिकवणारं एक माणूस लागतं, आणि ते वेळेवर यावं लागतं.

दुखण्याचं मात्र घरगुती उपायांनी भागत नाही. कॅन्सरची तीव्र वेदना मॉर्फिनच्या गोळीने आटोक्यात येते. ही गोळी स्वस्त आहे, तोंडाने घेता येते, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मॉर्फिन बनतं अफूपासून, आणि मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे अफूची कायदेशीर शेती होते. नीमचला सरकारचा अफूचा कारखानाही आहे. तरीही आपला रुग्ण तळमळत मरतो. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं की पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 97 टक्क्यांनी घसरला. दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडून दिलं, आणि डॉक्टरांच्या अख्ख्या पिढीचा ते वापरण्याचा हात गेला. 2014 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली: राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेली संस्था हे औषध ठेवू आणि देऊ शकते. कायद्याची अडचण आता फारशी उरलेली नाही. मनातली भीती उरली आहे. नातेवाईक विचारतात, सवय लागेल का? मॉर्फिन म्हणजे शेवट जवळ आला का? डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रमाणात, वेदनेवर घेतलेल्या मॉर्फिनने माणूस नशेबाज होत नाही आणि लवकर मरतही नाही. नेहमीची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून द्यायची असते. दुखायला लागण्याची वाट पाहायची नसते. तिने पोट हमखास धरतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. कितीतरी घरांनी केवळ हे न सांगितल्यामुळे चांगली लागू पडलेली गोळी बंद केली आहे.

दोन गोष्टी घरच्यांना आजारापेक्षाही जास्त छळतात. पहिली जेवणाची. शेवटच्या आठवड्यांत माणूस खाईनासा होतो. शरीरालाच अन्न नको झालेलं असतं, आणि बळजबरीने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पण भेटायला येणारं प्रत्येक माणूस विचारतं, काही खाल्लं का? आणि त्या बाईला वाटतं, आपण उपाशी मारलं असं उद्या लोक म्हणतील. तिला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं, शक्यतो भावकीतल्या चार जणांच्या समोर, की बाई, तू काही चुकलेली नाहीस. ओठ ओले ठेव, चमच्याने मागेल तेवढं दे, तोंड स्वच्छ ठेव. एवढंच पुरे आहे.

दुसरी गोष्ट न बोलण्याची. "त्याला सांगू नका, तो हाय खाईल," असं सगळं घर डॉक्टरांना बजावतं. आजाऱ्याला बहुतेक वेळा कळलेलंच असतं, पण घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प बसतो. मायेपोटी धरलेला हा अबोला शेतकऱ्याच्या घरात फार महाग पडतो. सोसायटीचं कर्ज किती, सावकाराकडून किती उचललं, कुणाकडून येणं आहे, सातबाऱ्यावर नावं कुणाची, यातलं काही न सांगता माणूस जातो. तेरवी होते न होते तोच बायकोच्या दारात घेणेकरी उभा राहतो आणि तिला काहीच माहीत नसतं. म्हणून मी अगदी आग्रहाने सांगतो: बोला. एकदम नाही, एका बैठकीत नाही. तो विचारेल तेवढं खरं सांगा आणि त्याला विचारा, तुला काय वाटतं, तुझ्या मनात काय आहे. बरेचदा तोच बोलायला सुरुवात करतो.

हे सगळं तालुक्यात उभं राहू शकतं का? केरळचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच "ते केरळ आहे" असं उत्तर येतं. पण कोळिकोडला 1993 मध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सुरुवात केली ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या छोट्याशा बाह्यरुग्ण विभागात. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात गावकऱ्यांनी ते काम आपलं मानलं, वर्गणी काढली, आठवड्यातला थोडा वेळ दिला, नर्ससोबत घरोघर गेले. 2008 मध्ये राज्याचं धोरण आलं आणि पंचायती त्यात उतरल्या. धोरण नंतर आलं, माणसं आधी. आणि केरळ लांब वाटत असेल तर नाशिक जिल्ह्यातलं इगतपुरी बघा. डोंगराळ, मोठ्या आदिवासी वस्तीचा तालुका. आपल्याच राज्याच्या आरोग्य अभियानाने टाटा रुग्णालयाच्या साथीने तिथे असं काम करून पाहिलेलं आहे.

केळापुरात कागदावर बरंच काही आधीच आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या ठरलेल्या सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर नावानिशी लिहिलेली आहे. गावोगाव आशाताई आहेत, त्यांना कुठल्या घरात कोण पडून आहे हे तोंडपाठ असतं. महात्मा फुले योजना दवाखान्यात भरती झालेल्याचा खर्च उचलते, घरी पडलेल्याचा नाही. त्याच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. कॅन्सर आणि पक्षाघातासारख्या आजारांनी काम सुटलेल्यांना तिचा आधार मिळतो आणि 2023 मध्ये ते अनुदान महिना 1500 रुपये झालं. तुटपुंजं आहे, पण आहे, आणि कितीतरी घरांनी त्यासाठी अर्जच केलेला नसतो. सेवा करणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीसाठी मात्र एकाही योजनेत रकाना नाही. तो व्हायला हवा, आणि तो मागायला हवा.

मागणी फार मोठी नाही. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर. गाडीसह एक नर्स, जी आठवडाभरात तालुका फिरेल. रात्री उचलला जाईल असा एक फोन. ग्रामसभेत वर्षातून दोनदा वाचली जाणारी यादी, तीत घरी पडून असलेल्या माणसांची नावं आणि त्यांच्यापुढे सांभाळणाऱ्यांचीही. आणि त्या सांभाळणाऱ्या बाईला महिन्यातले दोन-तीन दिवस सुट्टी मिळावी म्हणून रुग्णाला ठेवून घेणाऱ्या दोन खाटा.

हे होईपर्यंत पुस्तक हाताशी असू द्या. ते क्रमाने वाचायची गरज नाही. घरात माणूस पडून असेल तर आधी जखम आणि कूस बदलण्याचं प्रकरण वाचा. दुखत असेल तर औषधांचं वाचा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःहून कुठलीही गोळी सुरू करू नका, बंदही करू नका. वाचता न येणाऱ्या शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवा. आणि तुमच्या घरात कुणी आजारी नसेल, तर तुमच्या गल्लीत ते कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. या आठवड्यात त्या घरी जा, आजाऱ्याची चौकशी झाल्यावर त्याच्याजवळ बसणारीला विचारा, तू जेवलीस का, झोपलीस का, आणि दोन तास तिच्या जागी बसा.